नंदाताईंची येळवस

मार्गशीर्षातली अमावस्या आली की धाराशिवचे रस्ते ओस पडतात. दुकानांची शटरं खाली, बँकेत एखाददुसरं माणूस, स्टँडवर रिक्षा शोधून सापडत नाही. बाहेरगावच्या माणसाला वाटावं, इथं काहीतरी अघटित घडलंय. घडलेलं काही नसतं, सगळे रानात गेलेले असतात. पंचांगात या दिवसाला वेळ अमावस्या म्हणतात, आम्ही येळवस म्हणतो. उभ्या पिकात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, लक्ष्मी पुजायची. मग नव्या मडक्यात आंबील घेऊन आंब्याच्या डहाळीनं ती उडवत शेताला फेरी घालायची आणि मागून सगळ्यांनी ‘ओलगे ओलगे’ म्हणून ओरडायचं. त्या ओरडण्याचा अर्थ मी पुष्कळांना विचारला. ज्यानं त्यानं वेगळा सांगितला.

यंदा माझा पेपर नेमका दुसऱ्या दिवशी आला, म्हणून मी होस्टेलवर राहिले. मेसच्या मावशीसुद्धा गावी गेलेल्या. आम्ही चार-पाच मुली खोलीत पोह्यांवर भागवत होतो, तेवढ्यात कुणीतरी ग्रुपवर एक स्टिकर टाकलं. डोक्यावरून पदर घेतलेली बाई, गालांवर दोन टपोरे थेंब, खाली लिहिलेलं, ‘उद्या पेपर आहे’. सगळ्या हसल्या. हे स्टिकर सगळीकडं फिरतं. लाइट गेली तरी हेच, कुणाचं लग्न ठरलं तरी हेच.

“कोण गं ही?” एकीनं विचारलं.

“कुणाला म्हाईत. जुन्या पिच्चरमधली कुणीतरी रडकी वहिनी.”

मला ती बाई माहीत होती. आमच्या घरात ती दीड महिना राहिली होती, आमच्याच ताटात जेवली होती. मी सांगायला तोंड उघडलं, पण मला पटकन बोलता येत नाही. वाक्य मनात जुळेपर्यंत लोक दुसऱ्या विषयावर गेलेले असतात. तशाच या मुलीही पोह्यांवर लिंबू आहे का, या विषयावर गेल्या. म्हणून मी हे लिहायला घेतलं. लिहिताना कुणी मध्येच निघून जात नाही.

नंदाताई रडकी नव्हती. एवढं एक वाक्य आधी लिहून ठेवते.

आमचं गाव बेंबळीच्या पलीकडं. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, मी बारावीला होते. दिवाळीनंतर एक जीप गावात फिरायला लागली. तीत एक बाई, केस अर्धे पांढरे, पायात कॅनव्हासचे बूट. त्या रानं बघायच्या. कुठलं रान विकायचंय असं वाटून दोघा-तिघांनी त्यांना आपापल्या जमिनी दाखवल्यासुद्धा. त्यांना विकत काही घ्यायचं नव्हतं. त्यांना ज्वारीचं असं शेत हवं होतं की ज्याच्या चारी बाजूंनी शेतंच दिसावीत, विजेचा टॉवर दिसू नये. तसं शेत आमचं निघालं.

आई तेव्हा तुरीत होती. नंदाताई बांधावर उभ्या राहून म्हणाल्या, “मालक कुठंत?”

आई म्हणाली, “पुण्यात. वाचमन हैत.”

“मग शेत कोण करतं?”

आईनं त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू हा प्रश्न तिला कधी कुणी विचारलाच नव्हता. मग हातातलं खुरपं वर करून दाखवलं.

नंदाताई खळखळून हसल्या. पुढं किती तरी दिवस त्या म्हणायच्या, की माझी गोष्ट मी मुंबईत बसून लिहिली आणि ती इथं आधीच उभी होती. त्यांच्या सिनेमातली बाईही अशीच होती. नवरा शहरात, शेत तिच्या अंगावर. वर्षभर राबते ती, आणि येळवशीला आंबिलीचं मडकं धरायला मात्र दीर येतो. सिनेमाच्या शेवटी ती ते मडकं स्वतः उचलते. एवढीच गोष्ट. आमच्याकडंही असंच व्हायचं. लोहाऱ्याहून दत्तूकाका, म्हणजे वडलांचे धाकटे भाऊ, येळवशीच्या सकाळी पांढराशुभ्र टॉवेल खांद्यावर टाकून यायचे, फेरी घालायचे, पोटभर जेवून संध्याकाळच्या गाडीनं जायचे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही वाटत नव्हतं.

त्या दीड महिन्याचे वास अजून नाकात आहेत. आमच्या पुढच्या खोलीत नंदाताई राहायच्या. सकाळी हरभऱ्याच्या पाल्यावर आंब, ते आंबट दव, साचलेली असायची, ताई पाल्यावरून हात फिरवायच्या आणि बोटं चाटायच्या. ज्वारी पोटरीतून बाहेर पडून भरत आली होती, कणसांवर चिमण्यांचे थवेच्या थवे. दुपारी तुरीच्या शेंगा उकडल्याचा वास आणि त्यात जावेदभाईंच्या सिगारेटचा. जावेदभाई त्यांचे कॅमेरामन, सोलापूरचे. ते नंदाताईंना आपा म्हणायचे. मी अभ्यासाचं पुस्तक घेऊन ओसरीवर बसायचे आणि एक ओळही वाचायचे नाही. नंदाताई आईशी बोलत शेंगा सोलायच्या. माझा निम्मा बारावीचा अभ्यास त्या बोलण्यात बुडाला. मला त्याचं दुःख नाही.

त्यांचं जन्मनाव महानंदा. गाव अणदूर. वडलांचं तिथं भुसाराचं दुकान. घरात कानडी, दुकानात मराठी. अजून बहिणीचा फोन आला की त्या अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन भराभर कानडीत बोलायच्या आणि भांडल्यासारखं वाटायचं. खंडोबाच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. त्या चोरून जायच्या. लहानपणी त्यांचं लक्ष पडद्यावर नसायचं, मशिनीकडं असायचं. अंधारात ती उजेडाची पट्टी कुठून निघते, हे बघायला त्या मागं तोंड करून बसायच्या. लोक म्हणायचे, भुसारवाल्याची पोर येडी हाय.

सोलापूरला कॉलेजात नाटकात काम केलं, तिथून कुणीतरी मुंबईला नेलं. पहिल्याच सिनेमाच्या वेळी निर्माते म्हणाले, महानंदा हे दुधाचं नाव वाटतं. त्यांनी नंदिनी ठेवलं. “मला कुणी विचारलंच नाही,” ताई म्हणाल्या. “पोस्टर छापून आलं तेव्हा मला कळलं की माझं बारसं झालंय.”

आणि मग वीस-बावीस वर्षं त्या रडल्या. सोसणारी सून, टाकलेली बहीण, नणंदेचा जाच काढणारी वहिनी. नायिका दुसरीच असायची. डोळ्यांत ग्लिसरीन घालून घालून पापण्या सुजायच्या. “माझं रडणं चांगलं होतं म्हणे,” त्या शेंग फोडत म्हणाल्या. “बाकी काय चांगलं होतं ते कुणी बघितलंच नाही.”

आई म्हणाली, “आन् घरचे? वडील बघायचे का तुमचा पिच्चर?”

“अप्पा? छे. दुकानात रद्दी यायची. त्यात सिनेमाचं पान निघालं, माझा फोटो निघाला, की पहिल्या पुड्या त्याच पानाच्या बांधायचे. माझ्या तोंडावर अर्ध्या अणदूरनं हरभऱ्याची डाळ नेली.”

आईला हसावं की नाही कळेना. मग दोघी इतक्या हसल्या की शेंगांची पाटी लवंडली.

पण एक प्रसंग सांगताना त्या हसल्या नाहीत. एका सिनेमात काढणीचं दृश्य होतं. स्टुडिओत कडबा उभा करून शेत केलेलं. दिग्दर्शक म्हणाले, विळा असा धरा, कंबर अशी वळवा, मान तिरकी. ताई म्हणाल्या, सर, अशी काढणी कुणी करत नाही, तासाभरात पाठ मोडेल. माझं गाव अणदूर आहे, मी बघितलंय. ते म्हणाले, “तुम्ही बघितलंय, पण बघायचं काम माझं आहे.”

“तेव्हा डोक्यात उजेड पडला,” ताई म्हणाल्या. “हे तर कामच आहे. बघणं. आणि ते कुणीतरी करतं. मग मी का नको?”

त्या दिवसापासून आपला शॉट झाला की त्या गाडीत जाऊन बसायच्या नाहीत, कॅमेऱ्यामागं उन्हात उभ्या राहायच्या. सगळे म्हणायचे, मॅडम, सावलीत बसा, चेहरा काळवंडेल. त्या म्हणायच्या, काळवंडू द्या, चेहरा तुमचाच आहे. कुठलं भिंग कशाला लावतात, उजेड कुठून घेतात, माणूस चौकटीत कुठं उभं केलं की मोठं दिसतं आणि कुठं केलं की पुसून जातं, हे सगळं त्या विचारून विचारून शिकल्या. चाळिशी ओलांडल्यावर लोक आईच्या भूमिका घेऊन आले. त्यांनी नाही सांगितलं आणि स्वतःचा पहिला सिनेमा केला. पाटीवर दिग्दर्शकाचं नाव महानंदा लावलं. थिएटरवाल्यांनी सकाळचा खेळ दिला, तोही तीन-चार दिवस. मग त्यांनी सिनेमा जीपमध्ये घातला आणि गावोगाव शाळेच्या भिंतीवर पांढरा कपडा बांधून दाखवला.

मी एकदा धीर करून विचारलं, “ताई, तुम्हाला परत ॲक्टिंग करावी वाटत नाही?”

“नाही. मी कॅमेऱ्यासमोर उभी राहिले की लोक मी कधी रडते याची वाट बघत बसतात.”

पुढच्या आयुष्यात काय करायचं हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आजही नक्की माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. कुणाला विचारावं असं घरात कुणी नाही. पण ‘मग मी का नको’ हे तीन-चार शब्द मी तेव्हापासून जवळ बाळगून आहे. ॲडमिशनच्या रांगेतून मी परत फिरणार होते, तेव्हा ते मी मनात म्हटले होते.

ताईंच्या हातात येळवशीचा एकच दिवस होता. पैसे थोडे, माणसं थोडी. पण त्या दिवशी आजूबाजूची सगळी शेतं आपसूक माणसांनी भरलेली असणार, रंगीत लुगडी, कोपींचा धूर, पोरांचा कालवा. एवढी गर्दी भाड्यानं आणायची तर त्यांना दुसरा जन्म घ्यावा लागला असता. त्या गर्दीच्या मध्ये त्यांची बाई मडकं घेऊन एकटी फेरी घालणार, हा सिनेमाचा शेवट. तो त्या दिवशी मिळाला तर मिळाला, नाहीतर पुढच्या वर्षापर्यंत सिनेमा तसाच पडून राहणार. आणि पुढच्या वर्षी पैसे कुठून येणार, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

ती बाई करणारी मुलगी पुण्याहून आली होती, तिच्यावरचं एकही दृश्य अजून घेतलेलं नव्हतं. गोड होती. आईनं तिला आठवडाभर शिकवलं. मडकं डाव्या कमरेवर घ्यायचं, डहाळी बुडवून पानं झटकायची नाहीत, हलकेच उडवायची, नाहीतर सगळी आंबील पहिल्याच तासाला, म्हणजे पिकाच्या पहिल्याच ओळीत, संपते. आई शिकवायची आणि मी बघत बसायचे. एक गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवी होती, ती आली नाही. आईला हे सगळं कसं काय येत होतं? मडकं तर तिनं कधीच धरलं नव्हतं. वर्षानुवर्षं मागून चालताना ती नुसती ‘ओलगे’ म्हणत नव्हती, ती बघत होती.

आदल्या संध्याकाळी दत्तूकाका आले. सोबत गावातले एक म्हातारे, ज्यांना सगळे पाटीलबुवा म्हणतात. ओसरीवर बसले, चहा घेतला आणि मग काकांनी सुरुवात केली.

“ताई, तुमचा पिच्चर चांगलाच आसंल. पर मडकं बाईच्या हाती द्यायचं न्हाय. त्यातून ती नटी. लक्ष्मी कोपली तर तुम्ही मुंबईला जाताव, आमी हितंच ऱ्हाणार.”

“आन् दोन दिसानं करा की,” पाटीलबुवा म्हणाले. “रिकाम्या मडक्यानं करा. आमचं काय बी म्हणणं न्हाय.”

“दोन दिवसांनी रानात माणसं असतील का?” ताईंनी विचारलं.

“तुम्ही म्हणताव तर चार-दोन पाठवतो की. त्यात काय.”

आईनं वडलांना फोन लावला. वडील तिकडून म्हणाले, “दत्तू म्हणतो तसं करा. गावात ऱ्हायाचंय आपल्याला.”

आई म्हणाली, “तुम्ही पुण्यात ऱ्हाता. गावात मीच ऱ्हाते.” आणि फोन ठेवला. मी तिला वडलांशी असं बोलताना पहिल्यांदा ऐकलं. पण आवाज चढलेला नव्हता. जेवायला या म्हणावं, तितक्या साधेपणानं ती बोलली.

सकाळी पुण्याच्या त्या मुलीनं बॅग भरली होती. तिनं रात्रीचं सगळं ऐकलं होतं. “मॅम, दगड मारले तर?” ती म्हणाली. ताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “जा तू. तुझ्या वयात मीसुद्धा गेले असते.” जीपनं तिला एसटी स्टँडवर सोडलं.

मग ताई पायरीवर बसल्या. जावेदभाई जवळ आले, म्हणाले, “आपा, आप ही कर लो. लुगडं तैयार है.”

“नाही जावेद.”

“तो फिर?”

“मग काही नाही. गर्दी तेवढी घेऊन ठेव. पुढचं पुढं बघू.”

त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं, त्याला रडणं म्हणत नाहीत. शेणामातीनं सारवलेल्या अंगणाकडं बघत त्या नुसत्या बसल्या होत्या, चूल विझल्यावर माणूस बसतं तसं. आई आत भज्जी घाटत होती. वालाच्या शेंगा, हरभऱ्याचे सोले, तुरीचे दाणे, चिंचेचा कोळ, सगळं एकत्र रटरटत होतं. तिनं दारातून ताईंकडं एकदा पाहिलं आणि परत डाव हातात घेतला.

रानात पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. सगळीकडं माणसंच माणसं. शेजारच्या पाटलांच्या रानात वीस-पंचवीस तरी पाहुणे, पलीकडं लातूरहून आलेली कुणाची मोटार. जावेदभाई मुकाट्यानं कॅमेरा लावून गर्दी टिपत होते. आम्ही कोपीत पूजा केली. दत्तूकाकांनी खांद्यावरचा पांढरा टॉवेल कमरेला आवळला, हात जोडले आणि मडक्यासाठी वळले.

मडकं तिथं नव्हतं. ते आईच्या कमरेवर होतं.

“वहिनी, द्या इकडं.”

“ऱ्हाऊ द्या.”

“आवो, म्हंजे?”

“म्हंजे मी जाते.”

काकांना आधी गंमत वाटली. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या रानातली माणसं उठून बांधाकडं यायला लागली होती. काकांच्या तोंडाचा रंग बदलला. “वहिनी, तमाशा करू नगासा. ही आपल्या घराची रीत हाय का?”

“भाऊजी, पेरणीला तुम्ही आलाव का?”

“मी लोहाऱ्याला—”

“खुरपणीला? राखणीला? चिमण्या हाकायला तरी? न्हाय ना. मग आंबील उडवायलाच बरं येळ घावतो तुम्हाला.”

बांधावरून कुणीतरी हसलं. काका पुढं झाले. त्याच क्षणी नंदाताई दोघांच्या मध्ये आल्या. मी त्यांना एवढ्या घाईनं चालताना कधी पाहिलं नव्हतं. जावेदभाईंचा कॅमेरा कधीच इकडं वळला होता.

“भाऊ, भाऊ, ऐका,” ताई म्हणाल्या. “सिनेमाचं आहे हे. आमची मुलगी गेली ना, म्हणून वहिनी तिचं काम करायल्यात. खोटं खोटं. ह्यांचं झालं की तुम्ही खरी फेरी घाला.”

काकांचा जीव भांड्यात पडला. ते वळून बांधावरच्या लोकांना ओरडून म्हणाले, “ॲक्टिंग हाय, ॲक्टिंग! बसा खाली!” पाटीलबुवाही मान हलवायला लागले. सगळ्यांचीच सुटका झाली होती. ताईंना त्यांचा शेवट मिळत होता, काकांची अब्रू राहत होती, लक्ष्मी कोपत नव्हती. मलासुद्धा हायसं वाटलं. एवढं छान निघालं होतं सगळं.

“न्हाय,” आई म्हणाली.

सगळे थांबले.

“नंदाताई, नाटक न्हाय हे. खोटं करायचं आसंल तर मडकं हितंच ठेवते, तुमच्या हातानं भाऊजींना द्या.”

ज्वारीची पानं एकमेकांवर घासत होती, तेवढाच आवाज. ताई आईकडं बघत राहिल्या. त्यांनी एक शब्द रेटला असता, ‘वहिनी, माझ्यासाठी’ एवढं म्हटलं असतं, तर आईनं कदाचित ऐकलं असतं. आणि ‘हे खरं आहे’ असं म्हटलं, तर काका आडवे येणार, मडकं फुटणार, शेवट जाणार. दोन वर्षांची मेहनत त्या बाईच्या दोन शब्दांवर येऊन उभी होती. आयुष्यभर जिला खोटं रडायला लावलं, तिच्याच तोंडून आता खोटं हवं होतं, आणि ते फार सोपं होतं.

ताई काकांकडं वळल्या. “भाऊ, मी चुकीचं बोलले. हे खरंच आहे. वहिनी खरीच फेरी घालायल्यात. तुम्हाला आडवायचं तर आडवा.” मग त्या बाजूला झाल्या आणि जावेदभाईंकडं हात केला. “कॅमेरा चालू आहे.”

काकांनी कॅमेऱ्याकडं पाहिलं. मग आईकडं. मग पुन्हा कॅमेऱ्याकडं, आणि का कोण जाणे, त्यांनी टोपी सरळ केली. “थांबा वहिनी,” ते म्हणाले आणि एक हात वर केला. आई त्या हाताच्या बाजूनं गेली. अंग चोरून नाही, वाटेत बाभळीची फांदी आली तर माणूस जातं तसं. काकांचा हात वरच राहिला.

आईनं डहाळी बुडवली आणि पहिल्या तासावर आंबील उडवली. मागून ‘ओलगे’ म्हणायचं असतं. कुणीच म्हणेना. आई चालत राहिली. दुसरं तास, तिसरं तास. बांधांवर माणसं रांगेनं उभी, मुलांना कडेवर घेऊन, सगळी बघत होती, आणि आई त्या एवढ्या नजरांमधून मुक्यानं चालली होती. मला कळत होतं की आवाज आता मी द्यायला हवा. मी मनात शब्द जुळवत राहिले. बोलायचं ठरवलं की मला नेहमी असंच होतं. मग मी बोलायचं न ठरवताच धावत तिच्या मागं गेले आणि ओरडले. आवाज चिरकला. एक पोरगं हसलं. मी परत ओरडले.

शेजारच्या रानातून एक म्हातारी, जिला मी आजपर्यंत कधी मोठ्यानं बोललेलं ऐकलं नव्हतं, हातातला बाजरीच्या पिठाचा उंडा उंच धरून म्हणाली, “चल गं बाये, थांबू नगंस!”

आम्ही थांबलो नाही. पूर्ण फेरी घातली.

कोपीपाशी आलो तेव्हा सगळे नंदाताईंकडं बघत होते. मला वाटतं, त्या रडतील अशी सगळ्यांची खात्री होती. दोन-तीन जणांनी तर फोन वर धरले होते. ताई मांडी घालून खाली बसल्या आणि आईला म्हणाल्या, “वाढ बाई. लई भूक लागलीय.” भज्जीत उंडा चुरून त्यांनी जे खायला सुरुवात केली, ते बघून फोनवाले कंटाळून निघून गेले.

बाईची बाकीची दृश्यंही मग आईवरच घेतली, सिनेमा पुरा व्हायला दीड वर्ष लागलं. मुंबईत एकानं बघून म्हटलं, शेवट जरा कोरडा आहे, बाईच्या डोळ्यांत पाणी हवं होतं. दुसरा म्हणाला, तुम्ही स्वतः ते काम केलं असतं तर लोकांनी चेहरा ओळखला असता. ताईंनी काहीही बदललं नाही. थिएटर अजून मिळालेलं नाही. कदाचित मिळणारही नाही. मला इथं लिहिता आलं असतं की सिनेमा खूप गाजला. कर्तृत्ववान स्त्रियांवरचे लेख तसेच संपतात. पण तसं झालेलं नाही, आणि त्यामुळं ताईंचं काही कमी झालं असं मला वाटत नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी तो आमच्या गावात शाळेच्या भिंतीवर दाखवला. झाडून सगळं गाव आलं. आई पडद्यावर दिसली तेव्हा ती माझ्या शेजारी मान खाली घालून बसली होती, वर बघेचना. बायका कुजबुजत होत्या. त्यातल्या काही नावं ठेवत होत्या, हे मला ऐकू येत होतं. येळवशीनंतर दोघी-तिघींनी आमच्याकडं हळदीकुंकवाला येणं सोडलं आहे, ते अजून सोडलेलंच आहे. आणि मग दत्तूकाका आले पडद्यावर. टोपी सरळ करून त्यांनी हात वर केला, “थांबा वहिनी,” आणि सगळ्या गावानं शिट्ट्या मारल्या. काका उठून उभे राहिले आणि चारी बाजूंना नमस्कार केला.

खेळ संपल्यावर ते चौघांना घेऊन नंदाताईंपाशी आले. “बघा, म्हणलो नव्हतो? कशी केली ॲक्टिंग म्या? लोकं म्हणायलेत, दत्तू, तू खराच व्हिलन वाटलास.”

“ॲक्टिंग होती होय ती, भाऊ?” ताईंनी विचारलं.

“मग? म्या काय खरंच आडवीन का वहिनीला? घरची लक्ष्मी हाय ती.”

“बरं झालं सांगितलंत,” ताई म्हणाल्या. “म्हणजे इथून पुढं कुठल्याच येळवशीला वहिनींना अडवणारं कुणी नाही. ह्या चौघांसमोर बोललात.”

काकांनी त्या चौघांकडं पाहिलं. चौघं हसत होते. काकाही हसले, पण जरा उशिरानं.

आज दुपारी पोहे खाऊन झाल्यावर, हे लिहिता लिहिता मध्येच, मी आईला फोन केला. बराच वेळ वाजला. उचलला तो काकांनी.

“कोण, बाळा व्हय? तुझी आई न्हाय हितं. ती फेरीला गेलीय, मडकं घिऊन.”

“आणि तुम्ही काय करताय काका?”

“म्या?” ते चिडून म्हणाले. “मला भज्जी राखाय बसवलंय कोपीत. कुत्री लई झाल्यात रानात. हाड! हाड! ए, ठेव फोन, मागनं कर.”

पण ठेवायचं ते विसरले. फोन तसाच चालू राहिला. काका कुत्र्यावर ओरडत लांब गेले, आणि मग ज्वारीच्या आतून, पार दुसऱ्या बांधावरून, आईचा आवाज यायला लागला. मागं आवाज द्यायला यंदा मी नव्हते. ती स्वतःच ओरडत होती.

त्यानंतर मी पोह्यांच्या ताटल्या विसळायला घेतल्या. मुली फोनवर तेच स्टिकर पाहून परत हसत होत्या. मी हात पुसले, त्यांच्यामध्ये जाऊन बसले आणि म्हटलं, “थांबा, ही बाई कोण आहे ते सांगते.” या वेळी कुणी दुसऱ्या विषयावर गेलं नाही. गेलं असतं, तरी मी सांगितलंच असतं.